भाव नऊचा

दुपारी पावणेदोनला संभाव्यता शिकवणं
म्हणजे वरणभाताला जागरण घालणं.
त्रेसष्ट पोरं, खोली दोनशे सात,
वरचा पंखा फिरतो तो केवळ उपस्थिती लागावी म्हणून.

मंडईतून पावशेर चिंचोके आणले,
तुळशीबागेतून कवड्या, घासाघीस करून.
दुकानदार म्हणाला, मंगळागौर का?
म्हटलं, नाही हो, एम.एस्सी. पहिलं वर्ष.
त्याने माझे पैसे दोनदा मोजून घेतले.

विभागप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं:
हे अभ्यासक्रमाच्या कुठल्या घटकात बसतं?
बसत नाही, सर. फरशीवर मांडते.

बाकं भिंतीला लागली.
वल्लरी आपटेने नियम आधी वहीत उतरवले,
एक-अ, एक-ब, मगच मांडी घातली.
मुजावरला बोलल्याशिवाय विचार करता येत नाही
हे मला ऑगस्टात कळलं;
जुलैभर मी त्याला गप्प बसवत होते.
जुन्नरची कुंदा लोंढे कवड्या तळव्यावर नुसती तोलत राहिली,
म्हणाली, बाई, ह्या सारख्या पडायच्या नाहीत,
हिचं पोट जड आहे.
पुस्तकात यासाठी चाळीस पानं खर्ची पडली आहेत.
आणि काबूलची नसीम, मराठी अजून ठेचकाळत,
सहांतल्या किती उताण्या, त्याप्रमाणे
चिंचोक्यांचे ढीग लावत गेली
आणि मधला ढीग डोंगर झाला तेव्हा
कुणाला हाक न मारता
तिने फक्त हात वर केला.

मला वाटलं, जिंकले मी.

दाराशी सिद्राम हत्तुरे. हात खिशात.
मी नाही खेळत, मॅडम.
अरे ये, मजा येईल,
म्हणाले मी. ते वाक्य
अजून परत मागते आहे.
आमच्यात एकजण खेळून गेलाय, तो म्हणाला. पुरे.

माझ्या फायलीत एक तक्ता होता, कार्यशाळेत मिळालेला:
बघून शिकणारे, ऐकून, लिहून, हातांनी.
रकाने चार, रंगीत.
ज्यांच्या घरी खेळ आधीच येऊन गेलाय
त्यांचा रकाना छापायचा राहिला होता.

सात मिनिटं उरली तेव्हा तो आपणहून फळ्याशी गेला.
दहा आकडे, लिहिलं त्याने. भाव नऊचा.
म्हणजे रुपयामागे दहा पैसे आकडा घेणाऱ्याचे.
रोजचे पन्नास, वर्षाचे तीनशे दिवस, एकोणीस वर्षं.
खडू थांबला: अठ्ठावीस हजार पाचशे.

एवढेच?

मागे वळून त्याने मला विचारलं,
जणू गणित मीच चुकवलं होतं:
आमच्या दोन खोल्या गेल्या, मॅडम.
एवढ्यात कशा गेल्या?

मुजावरसुद्धा गप्प.
मला उत्तर येत होतं, नावासकट येत होतं,
ते तोंडात धरून मी उभी राहिले.
कुंदाच बोलली, खाली बघत,
कवडी मुठीत:
हरले की दुप्पट लावत असतील.

त्याने पन्नास पुसले.
तिथे काय लिहावं ते ठरेना.
हाताने रिकामी जागा झाकून उभा राहिला
घंटेपर्यंत.

मग बाकं ओढली, पुढचा वर्ग आत घुसला,
कुणाच्या तरी चपलेखाली एक चिंचोका कडकन फुटला.

गणेशखिंडीच्या थांब्यावर बस मिळाली.
मुठीतले सुटे कंडक्टरच्या हातावर ओतले,
त्यात एक चिंचोका.
हे कुठलं नाणं, मॅडम?
हसून त्याने चिंचोका परत दिला,
तिकीट दिलं,
वरचे दोन रुपये दिले नाहीत.
सुटे नाहीत, म्हणाला,
आणि पुढे सरकला.